लांजेवारांनी हात वर केला नाही

ज्या माणसाला मी दिसतच नव्हतो, त्या माणसाशी मी एक अख्खा उन्हाळा आणि पावसाळा अबोला धरला. कारण एवढंच, की समोरून सायकलवर येताना त्यानं मला पाहून हात वर केला नाही.

माझ्या मूर्खपणाचं पुढं बरंच येणार आहे. आधी लांजेवार सांगतो. लांजेवार आता नाहीत. मानकापूरच्या पुढं त्यांचं बिछायत केंद्र होतं. मांडव, गाद्या, खुर्च्या, गंजभांडी भाड्यानं देण्याचा धंदा. अर्ध्या उत्तर नागपुरातली लग्नं आणि बरीचशी तेरवी त्यांच्याच सतरंजीवर झाली. त्यामुळे जगातली कुठलीही गोष्ट ते लग्नाच्या मापानं मोजत. मला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा म्हणाले होते, तुमचं तोंड वरातीत जनरेटर बंद पडल्यासारखं झालं आहे.

झालंही तसंच होतं. मी नवे बूट घेतले होते, पॅडलमध्ये खटकन अडकणारे. टाच बाहेर फिरवली की सुटतात. दुकानदारानं हे मला तीनदा सांगितलं आणि मी तिन्ही वेळा शहाण्यासारखी मान हलवली. मानकापूर चौकात सिग्नल लाल झाला. मी ब्रेक दाबला, सायकल थांबली, पाय सुटला नाही. उभ्या सायकलवरून मी अत्यंत संथपणे, म्हणजे लोकांना नीट पाहता यावं इतक्या संथपणे, डावीकडं आडवा झालो. एका ऑटोतल्या बाईनं लेकराचे डोळे झाकले. जाड टायरची एक सायकल माझ्या डोक्याशी येऊन थांबली आणि वरून आवाज आला, “सर, पाय निघतात का त्याच्यातून, का सायकलसकट न्या लागते दवाखान्यात?”

मी सर आहे हे त्यांनी पडण्याच्या पद्धतीवरून ओळखलं, असं ते नंतर सांगत. दुसऱ्या कुठल्या धंद्यातला माणूस पडताना इतका विचार करत नाही म्हणे.

आमच्या शहरात हौशी सायकलवाल्यांचे दोन पंथ आहेत. एक रोडवाले. बोटाएवढे टायर, खाली वाकलेलं हँडल, एका हातानं उचलता येईल अशी सायकल आणि अंगाला चिकटलेले कपडे, ज्यांत माणूस सायकलवर बरा दिसतो आणि उतरला की दिसत नाही. दुसरे माउंटेनवाले. म्हशीच्या मानेएवढे टायर, पुढं शॉकअप, अंगात काहीही. नागपुरात माउंटेन नाही. सेमिनरी हिल्स नावाची टेकडी आहे, तिच्यावर लोक पोट कमी करायला चढतात. पण माउंटेनवाल्यांना हे सांगितलं की ते म्हणतात, नागपुरात रोड तरी कुठं आहे?

हा टोमणा मला जास्त लागायचा, कारण मी पॉलिटेक्निकमध्ये सिव्हिलच्या पोरांना हायवे इंजिनिअरिंग शिकवतो. लांजेवारांना हे समजलं त्या दिवसापासून कोराडी रोडवरच्या प्रत्येक खड्ड्याला ते माझ्या विद्यार्थ्याचं नाव द्यायला लागले. “हा तुमचा कोणत्या बॅचचा, सर?” असं खड्डा ओलांडून विचारायचे.

आम्ही रोडवाले रविवारी सकाळी मानकापूरहून निघून कोराडीवरून खापरखेड्याला जायचो आणि परत. माउंटेनवालेही खापरखेड्यालाच जायचे, पण रेल्वे लाइनच्या बाजूच्या कच्च्या वाटेनं, शेताच्या धुऱ्यावरून, राखेतून. दोघांचं तीर्थ एकच, वीज केंद्राच्या कॉलनीबाहेरची पोह्यांची टपरी. तिथं एकच बाक होता. जो गट आधी पोचेल तो बाकावर बसणार, दुसऱ्यानं उभ्यानं खायचं. हा कायदा कोणी केला माहीत नाही, पण तो मोडलेला मी पाहिला नाही. आमच्यातले उमरेडकर, जे दातांचे डॉक्टर आहेत आणि आमचे पुढारीही, ते सकाळी पेशंटला उभं ठेवत नाहीत, पण खापरखेड्यात स्वतः उभे राहून पोह्यांवरची तर्री पीत.

उभे राहायचं कारण बहुतेक वेळा लांजेवार. साठी ओलांडलेली, पोट सुटलेलं, अंगात दुकानाच्या पोरांचा जुना गणवेशाचा शर्ट आणि त्याच्या पाठीवर दुकानाचं नाव. वय विचारलं की दर वर्षी तेच सांगायचे. त्यांच्या सायकलला पितळी घंटी होती. निघण्यापूर्वी ते पुढचं चाक हातभर उचलून जमिनीवर आपटत आणि कान लावून ऐकत, कुठं काही ढिलं वाजतं का. एकदा आमच्यात नि त्यांच्यात उघड शर्यत ठरली, मानकापूर ते बाक. आम्ही रस्त्यानं जीव तोडून गेलो, तर लांजेवार आधीच बाकावर, गुडघ्यापर्यंत चिखल, मांडीवर पोह्यांची प्लेट. कुठल्या तरी नाल्यातून सायकल खांद्यावर घेऊन उतरले होते. उमरेडकरांनी ही फसवणूक आहे असं म्हटलं. लांजेवार म्हणाले, रस्ता सोडाचा नाही असं कुठी ठरलं होतं? आणि सरकून एकट्या उमरेडकरांना बसायला जागा दिली. तो अपमान डॉक्टर अजून विसरलेले नाहीत.

भांडण असं होतं. पण या भांडणाला रीत होती आणि रीतीच्या बाबतीत लांजेवार कडक. दुसऱ्याच्या सायकलला न विचारता हात लावायचा नाही. त्याच्या सायकलीची किंमत विचारायची नाही. रस्त्याच्या कडेला कोणी थांबलेला दिसला तर, तो रोडवाला असो की माउंटेनवाला, “काय झालं?” असं विचारल्याशिवाय पुढं जायचं नाही. तो लघवीला थांबलेला असला तरी विचारायचं, असं त्यांचं मत. आणि समोरून कोणी हौशी सायकलवाला आला तर हँडलवरून हात वर करायचा. पूर्ण नाही, चार बोटं उचलली तरी चालतं.

त्यांच्या पिशवीत नेहमी रोड सायकलची एक बारीक ट्यूब असे. स्वतःच्या जाड चाकाला तिचा काडीचा उपयोग नाही. मी विचारलं तेव्हा म्हणाले, तुमचे टायर फुटाले बहाणाच पाहतात, मंग मले तुमच्यापाशी उभं राहा लागते. त्यापेक्षा ट्यूब हलकी. एका हिवाळ्यात बाभळीच्या काट्यानं माझं चाक बसलं. माझ्या पिशवीत ट्यूब होती, पण ती भाच्याच्या सायकलची निघाली. लांजेवारांनी मुकाट्यानं स्वतःची काढून दिली आणि घरी जाईपर्यंत एक शब्द बोलले नाहीत. पुढच्या रविवारी मात्र बाकावरच्या बारा लोकांना सगळं सांगितलं, भाच्याच्या वयासकट.

एका गोष्टीची मात्र त्यांना चीड होती. रोडवाले एकामागं एक चिकटून चालवतात, म्हणजे पुढचा हवा कापतो आणि मागच्याला कमी जोर लागतो. लांजेवारांच्या लेखी हे निव्वळ लबाडीचं काम. एका माणसाच्या ढुंगणाकडं पाहत खापरखेड्याला जायचं, तर मग बसनं काय वाईट, असं म्हणायचे. सपाट रस्त्यावर उलटं वारं असलं तरी आमच्या रांगेत कधी शिरले नाहीत. बाजूनं, एकटे, तोंडावर हवा घेत, घंटी वाजवत.

आणि मग एका मार्चमध्ये त्यांनी हात वर केला नाही.

कोराडीच्या अलीकडं, मी परत येत होतो, ते जात होते. मी बोटं उचलली. ते सरळ समोर बघत निघून गेले. मला वाटलं, लक्ष नसेल. पुढच्या रविवारी पुन्हा. त्याच्या पुढच्या रविवारी तर मी पूर्ण हात वर केला, निवडून आल्यासारखा. काही नाही. आमच्यात बाकावर चर्चा झाली. आता बाक आम्हाला दर रविवारी मिळायला लागला होता, कारण लांजेवार उशिरा पोचत किंवा पोचतच नसत. याचाही आम्ही आमच्या मांड्यांच्या ताकदीशी संबंध लावला. उमरेडकर म्हणाले, म्हातारा शर्यत हरायला लागला म्हणून फुगला. मी म्हणालो, रीत शिकवणाऱ्यानंच रीत मोडली. मास्तर असल्यामुळे माझं वाक्य जास्त वजनदार निघालं आणि ठराव पास झाला: आपणही करायचा नाही.

मी तो ठराव मन लावून पाळला. समोरून ते आले की दोन्ही हातांनी हँडल घट्ट धरून मी कोराडीच्या वीज केंद्राच्या चिमण्यांकडं पाहायचो, जणू धूर आजच निघायला लागला आहे. चेहऱ्यावर दुखावलेला मोठेपणा. तो चेहरा मी घरी आरशात करूनही पाहिला होता.

एकदा तर माझं रक्तच उकळलं. माझ्यापुढं काही अंतरावर एक दूधवाला चालला होता, सायकलला दोन्हीकडं कॅन, खडखडाट. समोरून लांजेवार आले आणि त्यांनी त्या दूधवाल्याला हात वर केला. दूधवाला गोंधळून मागं बघायला लागला. मागं मी. मला नाही. त्यानंतर पेपर टाकणाऱ्याला, कारखान्यात निघालेल्या, चेन करकरणाऱ्या सायकलवाल्यांना, सगळ्यांना हात. मला नाही. माझी सायकल इतकी महागाची, की तिचा आवाज होत नाही. तिच्या चेनला मी दर शनिवारी तेल द्यायचो आणि तिच्या शांतपणाचं कौतुक येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचो. हे दोन्ही मुद्दे माझ्यासमोर होते, शेजारी-शेजारी. मी मुलांना आकृती काढून निष्कर्ष काढायला शिकवतो.

ऑक्टोबरात माझी चेन उतरली. मी कडेला उभा, हात काळे. लांजेवार मागून आले आणि माझ्या इतक्या जवळून गेले, की त्यांच्या शर्टाची हवा मला लागली. थांबले नाहीत. काय झालं म्हणून विचारलं नाही. हात वर न करणं वेगळं. थांबलेल्या माणसाला न विचारता जाणं म्हणजे मेलेल्याच्या दारावरून वाजतगाजत जाणं. मी चेन चढवली आणि पाठलाग केला. आयुष्यात एवढ्या जोरात मी त्याआधी चालवली नव्हती, नंतरही नाही. आवाज न करता त्यांच्या उजव्या बाजूला आलो आणि कानाशी म्हणालो, “लांजेवार, काही लाज?”

ते इतके दचकले, की सायकल डावीकडं वळली, कडेच्या उतारावरून खाली गेली आणि बेशरमच्या झाडोऱ्यात थांबली. लांजेवार त्यात बसलेले, आजूबाजूला जांभळी फुलं. त्यांनी मान वळवली, पण माझ्याकडं नाही; आवाज आला होता तिकडं. मग हळूहळू, टॉर्च फिरवावा तशी मान फिरवत फिरवत मला शोधलं.

“सर का? कुठून आले तुम्ही?”

मी तावातावानं चेन, रीत, दूधवाला, सगळं एका दमात काढलं.  माझं संपल्यावर म्हणाले, “बाजूचं दिसत नाही मले. मांडवाच्या पायपातून पाहावं तेवढंच दिसते. तेही कमी होऊन राहिलं.”

काचबिंदू. डोळ्यांच्या डॉक्टरनं सांगितलं होतं, की थेंब टाकत राहा, गेलेलं परत येत नाही, उरलेलं किती टिकेल सांगता येत नाही, आणि गाडी चालवू नका. लांजेवारांनी स्कूटर त्याच दिवशी पोराला देऊन टाकली. सायकलबद्दल डॉक्टरांना विचारलंच नाही, विचारलं असतं तर नाही म्हणाले असते. समोरचं अजून स्वच्छ होतं. पेपरातली बारीक अक्षरं वाचत. पण समोरच्या नळीच्या बाहेर सगळं शहर पुसलं होतं. म्हणून ते रस्त्यावर नजर रोवून चालवत आणि कानानं बाकीचं काम करत. खडखड ऐकू आली की हात वर करत, कोणी राहून जाऊ नये म्हणून.

मी विचारलं, आम्ही हात वर करणं बंद केलं ते तरी कळलं का. हा प्रश्न विचारायची काही गरज नव्हती. त्यांनी माझ्याकडं, म्हणजे पायपातून माझ्याकडं, पाहिलं.

“तुम्ही बंद केलं होतं? मले वाटे, तुम्ही करतच असान, मलेच दिसत नसन.”

माझा उन्हाळ्या-पावसाळ्याचा अबोला त्यांच्यापर्यंत पोचलाच नव्हता. पोचलं होतं ते वेगळंच: दर रविवारी कोणी दिसलं नाही, की ते मनात नजरेचा एक इंच आणखी गेला असं धरत होते. त्यांच्या हिशेबात नजर खरी गेली होती त्याहून जास्त गेली होती. त्यातला काही भाग आमच्या ठरावानं खाल्ला होता.

मग त्यांनी एक गोष्ट मागितली. घरी कोणाला माहीत नाही, सांगू नका, म्हणाले. धंदा पोरानं घेतला होता, तो चांगला चालवत होता, लांजेवारांना गल्ल्यावर बसवायचा आणि चहा पाजायचा. सकाळचे दोन तास तेवढे त्यांचे स्वतःचे उरले होते. “बायकोले समजलं तं सायकल कनातीत गुंडाळून माळ्यावर टाकन. एक हिवाळा काढू द्या मले. तुमच्या मागं चालतो. तुम्ही फक्त तोंड चालू ठेवा.” आणि वर म्हणाले, “ते तुमाले सांगाची गरज नाही म्हणा.”

दुसऱ्याच्या मागं राहून सायकल चालवायला नावं ठेवणारा माणूस माझ्या मागं यायला तयार झाला होता. मला त्यावर एक चांगला टोमणा सुचला होता. तो तसाच गिळला. आयुष्यात गिळलेले माझे टोमणे फार नाहीत.

तो हिवाळा आम्ही काढला. रविवारची गर्दी टाळून मधल्या वारी, अंगावर स्वेटर, कोराडीवर धुकं आणि राख मिसळून उतरलेली, झाडांची पानं करडी. मी पुढं, ते मागं, माझ्या सीटखालच्या लाल लाइटवर नजर. मी बोलत जायचो. खड्डा डावा. ब्रेकर. कुत्रं, बसलेलं. कुत्रं, उठलं. कोळशाचा ट्रक मागून. रेती. सुरुवातीला मला वाटलं, नुसती नावं सांगणं फारच अशिक्षित. म्हणून मी खड्ड्याबरोबर त्याची कारणमीमांसाही द्यायला लागलो, पाणी कसं मुरतं, खालचा थर कसा बसतो. तिसऱ्या खड्ड्याला मागून आवाज आला, “कारण नका सांगू सर, जागा सांगा.” तोपर्यंत ते खड्ड्यातून जाऊन आले होते.

ते माझ्यावर विसंबून होते असं म्हणायला मला आवडतं. पण खरं तर ते माझ्यावर चिडलेलेच जास्त असत. मी डावं-उजवं चुकायचो. एकदा म्हैस म्हणालो आणि ती हातगाडी निघाली. कधी वाऱ्याविरुद्ध दम लागून मी गप्प व्हायचो, तर लगेच घंटी वाजायची: बोला. काय बोलू? काहीही बोला, तुमच्या घरचं बोला. मी माझ्या बायकोची, साडूची, विभागप्रमुखाची सगळी प्रकरणं त्या रस्त्यावर सांगून टाकली. विभागप्रमुखाच्या बढतीचं प्रकरण मी जिथं अर्धं सोडलं होतं तिथून ते पुढच्या वेळी उचलायचे. रोडवाल्यांना आम्ही एकदा दिसलो आणि बातमी पसरली, की लांजेवार अखेर रोडवाल्यांच्या मागं लागले. माझा भाव वाढला. मी काही खुलासा केला नाही. वचन दिलं होतं, हे एक कारण.

जानेवारीत ते माझ्या पाठीच्या जास्तच जवळ चालवायला लागले. मी म्हणालो, चाकाला चाक लागेल. ते म्हणाले, लाइट अंधुक झाला तुमचा, सेल बदला. मी सेल बदलले. पुढच्या वेळी पुन्हा तेच. मी नवा लाइट घेतला, दुकानातला सगळ्यात झगझगीत. त्या दिवशी त्यांनी लाइटबद्दल काही म्हटलं नाही. पाठीला मात्र तसेच चिकटून राहिले.

फेब्रुवारीच्या सुरुवातीला, कोराडीच्या कॉलनीसमोर, रात्रपाळीची बस सुटली होती. एक माणूस रस्त्याच्या कडेला उभा होता, हातात डबा. मी त्याला पाहिलं. तो उभा होता म्हणून बोललो नाही. उभ्या माणसाचं काय सांगायचं? मी त्याच्यासमोरून गेलो, आवाज न करता. रस्ता मोकळा झाला असं समजून तो खाली उतरला आणि मागून आलेली जाड टायरची सायकल त्याला लागली.

फार नाही लागलं. कोपर सोललं, डबा उघडून पोळ्या रस्त्यावर पडल्या. लांजेवारही पडले. तो आधी उठला आणि अपेक्षेप्रमाणे ओरडला, दिसत नाही का बे, डोळे फुटले का.

“हो गा,” लांजेवार म्हणाले. “फुटले.”

त्या माणसाला वाटलं, हा उलट बोलतो आहे. तो आणखी चिडला असता, पण लांजेवार रस्त्यावर बसूनच हातानं चाचपत पोळ्या गोळा करत होते. एक पोळी त्यांच्या गुडघ्याला लागून डावीकडं पडली होती आणि त्यांचा हात उजवीकडंच फिरत होता. ते पाहून तो माणूस खाली वाकला. त्यानं स्वतःच ती पोळी उचलली. लांजेवारांनी त्याचं कोपर बाटलीतल्या पाण्यानं धुतलं, रुमाल बांधला, नाव विचारलं, घरी किती लेकरं ते विचारलं. तो गेला. मी सायकल उभी करून दिली आणि म्हणालो, चला, हळू जाऊ.

ते बसले नाहीत. हँडल धरून चालायला लागले. मीही चाललो, माझ्या त्या बुटांत, डांबरावर टक टक करत. मी बरंच काही सुचवलं. कॉलनीचा रस्ता सोडून गोरेवाड्याकडं जाऊ. आणखी पहाटे निघू. मी घंटी लावतो, भोंगा लावतो, चाकाला पत्रा लावतो. ते हँडल धरून चालतच राहिले. वीज केंद्राच्या भिंतीशी आल्यावर म्हणाले, “आज त्याचं कोपर सोललं. उद्या एखादं लेकरू असन. तिले मी सांगतो आता घरी.” आणि मला, जरा रागानंच, “बोला ना. बोलत काहून नाही? समोर काय आहे ते सांगा.”

मानकापूरपर्यंत मी खड्डे सांगत आलो. पायी.

त्यांनी घरी सांगितलं तेव्हा मी हजर होतो; त्यांनीच थांबवून घेतलं. वहिनी गहू निवडत होत्या. ऐकून घेतलं आणि निवडत राहिल्या. म्हणाल्या, माहीत आहे. ताटातलं डावीकडचं लोणचं किती दिवस तसंच उरते, मीच मग पानाच्या मधात वाढायला लागली. मग काहून जाऊ दिलं, असं लांजेवारांनी विचारलं. त्यावर त्या म्हणाल्या, “काय उरलं होतं तुमच्यापाशी दुसरं?” आणि उठून चहा ठेवायला गेल्या. म्हणजे दिसत नसलेली गोष्ट सगळ्या घराला दिसली होती. दिसली नव्हती ती मला आणि दातांच्या डॉक्टरांना.

सायकल त्यांनी गावाकडच्या पुतण्याला दिली. मला वाटलं होतं, ते आता बोलून बोलून वेळ काढतील, गल्ल्यावर बसून गिऱ्हाइकांना सतावतील. तसं झालं नाही. ते लवकर उठायचे, सवयीनं, आणि गोदामाच्या दाराशी खुर्ची टाकून बसायचे. रस्त्यावरून सायकली जात. कोणी हात वर करत असेल, करत नसेल. ते मात्र हात मांडीवर ठेवून बसत. पुढच्या पावसाळ्यात, एका दुपारी जेवण झाल्यावर, हृदयानं गेले. मानकापूरच्या घाटावर दोन्ही पंथ आले होते. उमरेडकरांना सायकल टेकवायला जागा मिळेना, तर एका माउंटेनवाल्यानं ती धरली आणि सगळं होईपर्यंत धरून उभा राहिला, चिखल लागू नये म्हणून जमिनीपासून उचलून.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते मे महिन्यात. लग्नाची तिथी होती, गोदाम रिकामं. सगळ्या खुर्च्या, गाद्या, कनाती कोणाच्या तरी लग्नाला गेलेल्या. त्या मोठ्या पत्र्याच्या खोलीत एकच प्लास्टिकची खुर्ची आणि तिच्यावर लांजेवार. बाहेर ऊन भाजत होतं. मी दारातून त्यांच्या बरोबर समोर यायचा प्रयत्न केला, कुठं उभं राहिलं की मी पायपात येतो हे मला आता माहीत होतं. आलो. त्यांनी ओळखलं नाही. मी दोन पावलं जवळ गेलो. तरी नाही. मग मी खोकलो आणि ते म्हणाले, या सर.

पोरानं एक खुर्ची शेजारून आणून दिली. मी बसलो आणि बोलायला लागलो. खापरखेड्याच्या टपरीवाल्यानं दुसरा बाक घेतला, आता दोन्ही गट बसतात, मजा गेली. उमरेडकरांनी आणखी हलकी सायकल घेतली. कोराडी रोड पुन्हा खोदला आहे. “तुमच्या कोणत्या बॅचनं?” असं ते विचारतील म्हणून मी थांबलो. त्यांनी विचारलं नाही.

मला त्यांना काहीतरी चांगलं सांगायचं होतं. मी म्हणालो, लांजेवार, तुम्ही नाही तर त्या रस्त्यानं जाववत नाही. पुढं एकट्यानं चालवताना करमत नाही. मागं कोणी नाही हे सारखं जाणवतं. गळा थोडा दाटला होता माझा, आणि तो त्यांना ऐकू जावा एवढा मी दाटू दिला होता.

लांजेवारांनी मान फिरवली, माझ्या आवाजाच्या दिशेनं, पण जरा चुकून. माझ्या खांद्याच्या मागं, उन्हाकडं पाहिल्यासारखी.

“रोडवाल्याईत तुम्ही सगळ्यात मागं राहता, हे का मले माहीत नाही, सर? तुमच्या मागं चालणारा मी एकटाच होतो. आता दुसरा आंधळा कुठून आणता?”